वाचक विचारतात : नगरपालिकेतल्या सत्तेचा हिशेब कसा तपासावा?

राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. त्याआधी आणि त्यानंतर आमच्याकडे आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच विचारणा आहे : एखाद्या पक्षानं आमच्या गावात सत्ता कशी राबवली, हे भाषणांवर आणि फलकांवर विसंबून न राहता कसं ठरवायचं? त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या ब वर्ग नगरपरिषदेत २०१६ च्या निवडणुकीपासून एका पक्षाची सत्ता होती. प्रचारपत्रकात शंभर कोटींहून जास्त कामं केल्याचा दावा होता. विरोधक म्हणतात, हा सगळा सरकारचा पैसा. खरं कसं शोधायचं? (वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : आधी तारखा पक्क्या करा. २०१६-१७ मध्ये निवडून आलेल्या मंडळांची मुदत २०२१ च्या अखेरीस किंवा २०२२ च्या सुरुवातीला संपली. त्यानंतर निवडणुका लांबल्या आणि डिसेंबर २०२५ पर्यंत प्रशासकांनी कारभार पाहिला. या जवळपास चार वर्षांत नगरसेवक नव्हते, सभा नव्हत्या, ठराव प्रशासकाच्या सहीनं होत होते. त्यामुळे प्रत्येक कामापुढे चार तारखा लिहा : सभेचा ठराव, प्रशासकीय मान्यता, कार्यादेश, अंतिम देयक. ठराव २०२१ चा आणि देयक २०२३ चं असेल, तर काम सुचवल्याचं श्रेय मंडळाचं, पण देखरेखीची जबाबदारी प्रशासकाची. श्रेय आणि दोष दोन्हींना हाच नियम लावा. प्रचारपत्रकात बहुधा दोन्ही काळ एकत्र केलेले असतात.

दुसरी पायरी म्हणजे पैशाचा स्रोत. त्याच यादीत आणखी एक रकाना करा आणि प्रत्येक कामापुढे 'लेखाशीर्ष', म्हणजे पैसा कोणत्या योजनेतून किंवा खात्यातून आला ते, लिहा. नगरोत्थान महाअभियान, दलित वस्ती सुधार, वैशिष्ट्यपूर्ण योजना, जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी, खासदार निधी, अमृत, पंधरावा वित्त आयोग ही सगळी बाहेरून आलेली रक्कम. ती आणणं हेही काम आहे. प्रस्ताव वेळेत करणं, जागेचा ताबा घेणं, नगरपरिषदेचा हिस्सा भरणं, खर्चाचा दाखला वेळेत पाठवून पुढचा हप्ता मिळवणं, यात ढिलाई झाली तर निधी परत जातो. म्हणून 'परत गेलेला किंवा अखर्चित निधी' योजनानिहाय मागा. आलेल्या निधीचे फलक लागतात, परत गेलेल्याचा लागत नाही.

वित्त आयोगाच्या पैशाबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवा. पंधराव्या आयोगात २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात दहा लाखांखालच्या शहरांना मिळणाऱ्या अनुदानातला ६० टक्के भाग बांधील, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचा होता : निम्मा स्वच्छता व घनकचऱ्यासाठी, निम्मा पिण्याचं पाणी, पाऊसपाणी संकलन व पुनर्वापरासाठी. हा पैसा चौक सुशोभीकरणाला वापरला गेला असेल, तर तो आक्षेपाचा मुद्दा आहे.

सत्ताधारी पक्षाचा हात सगळ्यात स्वच्छ दिसतो तो नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नात. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली आणि तिच्या बदल्यात सरकारचं सहायक अनुदान आलं. लहान शहरांत ते बहुतांशी पगारातच जातं. उरतं घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं, बाजार शुल्क, विकास शुल्क. यात गाळ्यांची यादी जरूर पाहा. किती गाळ्यांचे करार संपले, किती भाडी जुन्याच दरानं चालू आहेत, मूळ भाडेकरूऐवजी किती ठिकाणी पोटभाडेकरू आहेत. भाडेवाढीचा विषय सभेपुढे किती वेळा आला आणि किती वेळा 'पुढील सभेत ठेवावा' म्हणून टळला, हे इतिवृत्तात असतं. एखाद्या पक्षाची कारभाराची इच्छाशक्ती मोजायला आमच्या मते याहून चांगली जागा नाही, कारण विषय सभेपुढे आणणं आणि मार्गी लावणं इथे मंडळाच्याच हाती असतं.

प्रश्न : आमच्याकडे 'वसुली ९८ टक्के' असं जाहीर झालं, तरी नगरपालिकेकडे पैसा नसतो. हे कसं? (वाचक, जळगाव जिल्हा)

उत्तर : टक्केवारी कशाची, ते विचारा. समजा चालू वर्षाची कराची मागणी २ कोटी, मागची थकबाकी १ कोटी ५० लाख आणि वर्षभरात १ कोटी ९६ लाख आले. चालू मागणीशी ताडलं तर वसुली ९८ टक्के. एकूण मागणीशी, म्हणजे साडेतीन कोटींशी ताडलं तर ५६ टक्के. शिवाय त्या १ कोटी ९६ लाखांत जुनी थकबाकी किती आणि चालू किती, हे वेगळं काढावं लागतं. मागणी-वसुली-थकबाकीचं विवरणपत्र प्रत्येक वर्षाच्या ३१ मार्चचं मागा आणि पाच वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवा. थकबाकी दरवर्षी फुगत असेल, तर वसुलीची टक्केवारी कितीही मोठी सांगितली तरी कारभार घसरलेला आहे.

तीन ठिकाणी आकडा बिघडतो. मार्चअखेर धनादेश घेऊन जमा दाखवली जाते आणि एप्रिलमध्ये ते वटत नाहीत, म्हणून एप्रिल-मेमधल्या न वटलेल्या धनादेशांची नोंद पाहा. दुसरं, मोबाइल मनोरे, सरकारी इमारती आणि न्यायालयीन वादातल्या मालमत्ता यांची थकबाकी एकूण आकड्यात मिसळलेली असते. ती वेगळी केल्याशिवाय सामान्य घरमालक कर भरतात की नाही हे कळत नाही. तिसरं, थकबाकीवरची दरमहा २ टक्के शास्ती (दंड). ती माफ करण्याच्या योजना वारंवार आल्या, की वेळेवर भरणारा पुढच्या वर्षी थांबतो.

आणखी एक कागद : चतुर्थ वार्षिक कर आकारणी. दर चार वर्षांनी मालमत्तांची फेरपाहणी व्हावी लागते. निवडणूक जवळ आली की ती ढकलली जाते, कारण नोटिसा निघाल्या की लोक चिडतात. मग वाढीव मजले, घराची झालेली दुकानं, नव्या वसाहती करकक्षेबाहेर राहतात आणि प्रामाणिकपणे भरणाऱ्यांवरच भार पडतो. तुमच्या शहरात शेवटची आकारणी कोणत्या वर्षी लागू झाली, एवढा एक प्रश्न विचारला तरी बरंच समजेल.

प्रश्न : माहिती अधिकारात पाच वर्षांचे सगळे ठराव आणि बिलं मागितली. 'माहिती विस्तृत स्वरूपाची आहे' असं उत्तर आलं. आता काय? (वाचक, नांदेड)

उत्तर : कायद्याच्या कलम ७(९) चा आधार घेऊन असं उत्तर दिलं जातं. पण ते कलम माहितीचं स्वरूप बदलण्याबद्दल आहे, माहिती नाकारण्याबद्दल नाही. ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा आणि त्यात 'अभिलेखांची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी' अशी मागणी लिहा.

तरीही तुमचा अर्ज सुधारायला जागा आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. प्रती २ रुपये पान. 'सगळे' हा शब्द टाळा. कागदाचं नाव, कालावधी आणि शाखा लिहा. उदाहरणार्थ : 'बांधकाम विभाग, १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२०, पूर्ण झालेल्या कामांची यादी : कामाचं नाव, ठराव क्रमांक, लेखाशीर्ष, अंदाजपत्रकीय रक्कम, कार्यादेश दिनांक, ठेकेदार, अंतिम देयकाची रक्कम व दिनांक.' यादी आली की त्यातली पाच-सात कामं निवडा आणि त्यांच्याच नस्त्या (फायली) पाहायला मागा. 'का' आणि 'कसं' अशा प्रश्नांना माहिती अधिकारी बांधील नसतो, नोंदीत असलेलंच तो देतो.

अर्ज न करताही एक वाट आहे. राज्य सरकारच्या नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत स्थानिक स्वराज्य संस्थांचे अभिलेख नागरिकांना पाहता येतात. परिपत्रकाची प्रत सोबत न्या. अंदाजपत्रक तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार नगरपरिषदेनं स्वतःहून जाहीर करायचं असतं. ते संकेतस्थळावर नसेल, तर तेवढ्याच मुद्द्यावर स्वतंत्र अर्ज टाका.

प्रश्न : अंदाजपत्रक दरवर्षी शिलकी असतं. म्हणजे कारभार चांगला ना? (वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : नाही. अपेक्षित अनुदानं जमेत धरली की शिल्लक कागदावर सहज दिसते. अंदाजपत्रकात मागच्या वर्षाचे प्रत्यक्ष आकडे, चालू वर्षाचा मूळ आणि सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. २०१९-२० साठी भांडवली कामांना किती तरतूद दाखवली होती ते घ्या आणि दोन वर्षांनंतरच्या अंदाजपत्रकात त्याच वर्षाचा प्रत्यक्ष खर्च शोधा. तरतुदीच्या निम्म्याहून कमी खर्च सलग दोन-तीन वर्षं झाला असेल, तर अंदाजपत्रक सभेत टाळ्या घेण्यापुरतं होतं. महिला व बालकल्याण आणि दिव्यांग कल्याण यांसाठी प्रत्येकी ५ टक्क्यांचा खर्चही असाच प्रत्यक्ष रकान्यात तपासा.

प्रश्न : आमच्या गल्लीतला काँक्रीट रस्ता दीड वर्षात उखडला. नगरसेवक ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार नगरपालिकेकडे. जबाबदारी कुणाची ठरवायची? (वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : निविदेच्या कागदांत 'दोष दायित्व कालावधी' लिहिलेला असतो. तो संपला नसेल, तर दुरुस्ती ठेकेदारानं स्वखर्चानं करायची आणि ती न केल्यास सुरक्षा ठेवीतून वसुली करायची. म्हणून आधी दोन गोष्टी विचारा : कालावधी किती आणि ठेव परत दिली आहे का. कालावधी चालू असताना ठेव परत गेली असेल, तर ज्यांनी टिपणी लिहिली आणि देयकावर सह्या केल्या त्या अधिकाऱ्यांची जबाबदारी थेट लागते.

मग मोजमाप पुस्तिका. तीत थराची जाडी, लांबी, रुंदी लिहिलेली असते. रस्त्याची तुटलेली कड टेपनं मोजा. नोंदीत २० सेंटिमीटर आणि जागेवर १४ असेल, तर वाद तिथेच संपतो. काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या २८ दिवसांच्या चाचणीचा अहवाल आणि त्रयस्थ तपासणीचा अहवाल मागा. शंका राहिली तर माहिती अधिकारात वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचीही तरतूद आहे, ती फार थोडे लोक वापरतात.

असे रस्ते उखडण्याची कारणं ठरलेली आहेत. खालचा खडीचा थर नीट न दाबणं, ओतायला सोपं जावं म्हणून काँक्रीटमध्ये जास्त पाणी घालणं, किमान १४ दिवस पाणी न मारणं, सांधे वेळेत न कापणं. कडेला गटार नसेल तर पाणी खाली शिरतं आणि चांगला केलेला रस्ताही खचतो. ही झाली ठेकेदाराची आणि अभियंत्याची चूक.

सत्ताधाऱ्यांची चूक निराळी असते. आधी रस्ता, मग जलवाहिनी, मग भुयारी गटार असा उलटा क्रम लावणं हा निर्णय सभेत होतो. रस्त्याचा ठराव झाला तेव्हा जलवाहिनीचा प्रस्ताव आधीच मंजुरीला गेला होता का, हे तारखांवरून पाहा. गेला असेल, तर रस्ता पुन्हा खोदला जाणार हे सभेला माहीत होतं. तसंच एका रस्त्याचे 'अमुक घर ते तमुक घर' असे चार तुकडे करून प्रत्येक तुकडा ई-निविदेच्या मर्यादेच्या जरासा खाली ठेवलेला आढळला, तर तो ठराव कुणी मांडला आणि कुणी अनुमोदन दिलं ते नोंदवून ठेवा.

प्रश्न : विरोधी पक्षाचे नगरसेवक आता म्हणतात, आम्ही त्या वादग्रस्त ठरावाला विरोध केला होता. (वाचक, पुणे जिल्हा)

उत्तर : इतिवृत्त मागवा. ठरावाखाली सूचक, अनुमोदक आणि विरोध नोंदवणाऱ्यांची नावं असतात. 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं असेल आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना कुणी हरकत घेतली नसेल, तर विरोधाच्या दाव्याला आधार उरत नाही. 'ऐनवेळचे विषय' हा भाग मात्र बारकाईनं वाचा. विषयपत्रिकेत नसलेले जमिनीचे, आरक्षणाचे, मुदतवाढीचे विषय तिथे घुसतात आणि पुष्कळदा दोन्ही बाजूंच्या संमतीनं.

खरा विरोध कागदावर आणखी एका जागी दिसतो. नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम ३०८ नुसार जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. त्यासाठी अर्ज केला होता का, त्यावर सुनावणी झाली का, ते विचारा. सभा किती झाल्या हेही मोजा. दोन महिन्यांतून निदान एक सर्वसाधारण सभा अपेक्षित असते.

प्रश्न : नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्या पक्षाचं. मग 'सत्ता' कुणाची धरायची? (वाचक, बुलढाणा जिल्हा)

उत्तर : थेट निवडीमुळे हा पेच येतो. २०१६ ला नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडले गेले, २०२० मध्ये ती पद्धत रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. अशा ठिकाणी विषयपत्रिका आणि सभेचं अध्यक्षपद नगराध्यक्षाकडे, पण ठराव बहुमताचे आणि विषय समित्याही बहुधा बहुमताच्या. म्हणून विषय सभेपुढे आलाच नसेल तर नगराध्यक्षाला विचारा, आला आणि फेटाळला गेला तर बहुमताला, मंजूर होऊन पडून राहिला तर मुख्याधिकाऱ्याला.

प्रश्न : नाशिकमध्ये मनसेनं खरंच कामं केली होती का? मग २०१७ ला इतका पराभव का? (वाचक, नाशिक)

उत्तर : २०१२ मध्ये १२२ पैकी ४० जागा मिळवून मनसे सर्वांत मोठा पक्ष ठरला, बहुमत मात्र नव्हतं. पहिलं महापौरपद भाजपच्या पाठिंब्यानं, दुसरं काँग्रेस-राष्ट्रवादीच्या साथीनं मिळालं. म्हणजे पाच वर्षांत सोबती बदलले आणि त्यानुसार महासभेतलं गणितही.

वनोद्यान, शस्त्रसंग्रहालय, उड्डाणपुलाखालचं सुशोभीकरण ही त्या काळातली ठळक कामं झाली हे नाकारता येत नाही. त्यांतली बरीचशी उद्योगांच्या सामाजिक दायित्व निधीतून उभी राहिली. पालिकेवर भार न टाकता पैसा आणणं ही जमेची बाजू. पण अशी कामं अंदाजपत्रकात दिसत नाहीत आणि त्यांची पुढची देखभाल कुणी, किती वर्षं करायची हे करारात नीट बांधलेलं नसेल तर ती ओढग्रस्तीत जातात. २०१५ च्या सिंहस्थातली रस्त्यांची कामं तपासताना राज्य सरकारचा वाटा वेगळा काढा. २०१७ मध्ये मनसे ५ जागांवर आली आणि भाजप ६६. त्या पराभवामागे एकच कारण धरणं चुकीचं होईल, कारण मधल्या काळात पक्षातून गळती झाली होती आणि राज्यातलं वारंही फिरलं होतं. कामाची नोंद आणि निकाल या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचाव्यात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफीचं वचन शिवसेनेनं पाळलं की नाही? (वाचक, मुंबई)

उत्तर : टप्प्यांनी पाहा. वचन २०१७ च्या निवडणुकीत दिलं गेलं आणि त्याच वर्षी महासभेत ठराव झाला. पण मुंबईला १८८८ चा स्वतंत्र महापालिका अधिनियम लागू आहे, करात अशी सूट द्यायला राज्याची मान्यता आणि कायद्यात दुरुस्ती लागते. मार्च २०१९ मध्ये राज्यानं मान्यता दिली ती मालमत्ता कराच्या 'सर्वसाधारण कर' या एकाच घटकापुरती. देयकात पाणी, मलनिःसारण, शिक्षण, वृक्ष, पथकर असे बाकीचे घटक राहिले, म्हणून लोकांच्या हाती बिल आलंच. संपूर्ण माफीचा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये झाला. म्हणजे वचन पूर्ण झालं, पण महापालिकेच्या मुदतीच्या अगदी शेवटी, मार्च २०२२ ला मुदत संपण्याच्या दोन महिने आधी. कुठल्याही पक्षाचं करमाफीचं वचन ऐकलं की दोन गोष्टी विचारा : कोणता घटक माफ होणार आणि त्याला मंजुरी कुणाची लागणार.

प्रश्न : आमच्या शहराला स्वच्छ सर्वेक्षणात बक्षीस मिळालं. हे सत्ताधाऱ्यांचं यश मानावं का? (वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : अंशतः. कराड, सासवड, लोणावळा, विटा ही शहरं एक लाखाखालच्या गटात देशात वर आली, त्यामागे मुख्याधिकारी, सफाई कर्मचारी आणि नगरसेवक यांचं एकत्र काम होतं. सातत्य पाहायचं तर घनकचऱ्याच्या ठेक्याची वजनपावती बघा. देयक टनावर असेल, तर कचऱ्यात माती-राडारोडा मिसळून वजन वाढवलं जातं. लोकसंख्येनुसार दरडोई कचरा काढा. आकडा अचानक वाढला तर कारण विचारा. ठेका कामगारांची भविष्य निर्वाह निधीची चलनं देयकाला जोडलेली आहेत का, हेही त्याच नस्तीत दिसतं.

प्रश्न : धरण भरलेलं, नवी योजना झालेली, तरी पाणी दोन दिवसांआड. दोष कुणाचा? (वाचक, लातूर जिल्हा)

उत्तर : भुयारी गटार असलेल्या शहरासाठी दरडोई १३५ लिटरचा निकष आहे. ५० हजार वस्तीला रोज ६७ लाख ५० हजार लिटर लागतात. शुद्धीकरण केंद्राच्या नोंदवहीतून रोजचा उपसा घ्या. तो याच्या आसपास असूनही पाणी दोन दिवसांआड येत असेल, तर गळती, बेकायदा जोडण्या किंवा टाक्यांची अपुरी क्षमता यांत दोष आहे. हिशेबात न येणारं पाणी २० टक्क्यांच्या आत असावं, असा केंद्राचा मानक आहे. ते मोजायला उपशाचा आणि ग्राहकांचा, दोन्हीकडे मीटर हवा. जोडण्या नियमित करणं आणि मीटर बसवणं हे मतांना न रुचणारं काम असल्यानं नेमकं तेच टळतं. पंपांचं वीजबिल किती महिने थकलं आहे तेही विचारा. थकलं की पुरवठा तोडण्याची वेळ येते आणि मग आणीबाणीचा खर्च सुरू होतो.

प्रश्न : नव्या मंडळाकडून आत्ताच काय घेऊन ठेवावं, म्हणजे पाच वर्षांनी तुलना करता येईल? (वाचक, वर्धा)

उत्तर : दायित्वाची यादी. निवडून आलेल्या मंडळानं कारभार हाती घेतला त्या दिवशी ठेकेदारांची किती देयकं बाकी होती, वीजबिल किती, कर्मचाऱ्यांच्या वेतन-निवृत्तिवेतनाचे फरक किती, कर्जाचे हप्ते किती, ठेकेदारांच्या अनामत ठेवींची रक्कम बँकेत प्रत्यक्ष आहे की दैनंदिन खर्चात वापरली गेली. याच्यासोबत स्थानिक निधी लेखापरीक्षेचे प्रलंबित आक्षेप, वर्षनिहाय, वसूलपात्र रकमेसह आणि अनुपालन अहवाल पाठवल्याच्या तारखेसह मागा. लेखापरीक्षा मागे रेंगाळते, त्यामुळे आत्ता हाती येणारे आक्षेप जुन्या मंडळाचे किंवा प्रशासकाच्या काळातले असतील. प्रत्येक आक्षेपापुढे आर्थिक वर्ष लिहून घ्या. हाच अर्ज दरवर्षी ३१ मार्चच्या स्थितीसाठी, त्याच शब्दांत आणि त्याच रकान्यांत करा. रकाने बदलले की आकडे जुळत नाहीत आणि पाच वर्षांनी तुलना अडते.